फुगेवालीचा भाग

तिला सगळे फुगेवाली म्हणत, आणि हे नाव तिच्या थोरल्या बहिणीनेच पाडलं होतं. नाव ऐकून एखाद्याला वाटावं, बाई बागेच्या फाटकाशी काठीला रंगीत फुगे बांधून उभी राहत असेल. तिचा फुगा तसला नव्हता. तो तीन मजली इमारतीएवढा होता, पांढराफटक, पोटाशी कॅमेरे लावलेला, जाड दोराने जमिनीला बांधलेला. असे फुगे सीमेवर आभाळात टांगायचे आणि खाली कोण येतं-जातं ते बघायचं, हा तिच्या कंपनीचा धंदा.

त्याआधी तिचा हात छत्र्यांवर बसलेला. छत्र्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा ती इकडे आली, आणि पहिल्याच दिवशी तिच्या लक्षात आलं की काम तेच आहे. संत्र्याच्या फाकीसारखे तेच लांबट तुकडे, फक्त एकेक तुकडा उचलायला चार माणसं लागतात. तुकड्यांचे लांब जोड गरम यंत्र चिकटवायचं. पण जिथे दोर अडकतात तिथल्या ठिगळांवर सगळा भार येतो, आणि ती ठिगळं हाताने तीच शिवायची. टाका घातला की नखाने ओढून बघायची. बारा वर्षांत तिचं एक ठिगळ सुटलं नव्हतं. हे ती स्वतः कधी सांगत नसे, दुसरा कुणी सांगेपर्यंत वाट बघे.

शिवताना ती जागेवर नसायची. सुई कापडात आणि बाई भलतीकडे. त्या पांढऱ्या कापडाचा ढीग मांडीवर, कडेला, पायाशी पसरलेला असे. वरच्या काचेतून ऊन त्यात उतरे आणि तिला वाटे आपण ढगात बसून ढगच शिवतोय. त्या ढगातून रोज एक घर वर यायचं. तळमजल्यावरचं, दोन खोल्यांचं, समोर हातभर अंगण. दार उघडलं की एकही पायरी नाही. ताई दारातून निघाली आहे, कठडा न धरता, सरळ, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, आणि काहीही न घेता परत येते आहे, उगाच. मनातले मांडे खायला पैसे पडत नाहीत, आणि फुगेवाली ते पोटभर खायची.

खरं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. ताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. पंचवीस वर्षं तिने लोकांचे आवाज एकमेकांना जोडून दिले होते. नुसत्या ‘हॅलो’वरून माणूस ओळखायची. आता गुडघे गेले होते. दोन वर्षांत ती खाली उतरली होती ती फक्त डॉक्टरकडे जायला, आणि परत वर चढताना दर जिन्यावर बसून म्हणाली होती की मला इथेच ठेवा. दुपारभर काय करतेस असं विचारलं की म्हणायची, मी अशी पडते की कानाशी ढोल वाजवले तरी उठायची नाही.

तर अशात एक दिवस हिशेबनीसांनी जुन्या कामगारांना बोलावून सांगितलं की कंपनी वर्षभरात बाजारात उतरणार. मग तिचे शेअर कुणालाही घेता येतील, पण तेव्हा भाव गगनाला भिडलेला असेल. त्याआधी, घरातल्या माणसांना म्हणून, आजच्या भावाने काही शेअर मिळतील. महिनाअखेरपर्यंत फॉर्म द्यायचा. हिशेबनीस सरळ माणूस होते. कंपनी बाजारात आली नाही तर हे कागद उशाला घेऊन झोपावं लागेल, हेही त्यांनी सांगून टाकलं.

फॉर्मवर ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘मी कंपनीत भाग घेऊ इच्छिते.’ फुगेवालीला ते वाक्य फार आवडलं. शाळेत असताना तिने कशातच भाग घेतला नव्हता. शर्यतीत नाही, नाटकात नाही. शेवटच्या बाकावर बसून दुसऱ्यांचे कपडे दुरुस्त करून दिले होते, एवढंच.

दोघींची आयुष्याची शिल्लक एकाच खात्यात होती, म्हणून सही दोघींची लागणार. ताईने फॉर्म चष्म्याजवळ धरून वाचला आणि खाली ठेवला. फुग्यात पैसे घालतं का कुणी, म्हणाली. फुगे फुटायलाच असतात. फुगेवालीने तळमजल्याचं घर सांगितलं, अंगण सांगितलं, पायरी नसलेलं दार सांगितलं. ताई म्हणाली, अंथरूण पाहून पाय पसरावेत, आणि माझे पाय तर पसरतसुद्धा नाहीत. विषय तिथेच मिटला. फॉर्म साखरेच्या डब्याखाली गेला.

त्याच आठवड्यात बडे गुंतवणूकदार कारखाना बघायला आले. साहेबांनी फुगेवालीला मुद्दाम आत बोलावलं, हे टाके ह्या बाईंचे म्हणून सगळ्यांना दाखवलं. पाहुण्यांनी माना डोलावल्या. तिला भिंतीशी खुर्ची मिळाली, आणि नवी साडी नेसून आले हे बरंच झालं असं तिला वाटलं. दुपारचा एक वाजला होता. बाहेर मैदानावर फुगा, रोज दुपारी चाचणीला चढतो तसा, सावकाश वर चढला, आणि खोलीतल्या मोठ्या पडद्यावर अख्खं गाव उमटलं.

तिने आपलं गाव असं कधी पाहिलं नव्हतं. रस्ते नाडीसारखे बारीक, पाण्याच्या टाक्या बटणांएवढ्या. सगळं शांत, आवाज नसलेलं, पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखं. कॅमेरा चालवणारी मुलगी समजावून सांगत होती की यंत्र आपण होऊन माणसं हुडकतं. खरंच, चालत्या माणसांभोवती हिरव्या चौकटी उमटत होत्या. हिरवी म्हणजे रोजचं, नेहमीचं. फुगेवाली कौतुकाने बघत राहिली. एवढं सगळं माझ्या ठिगळांवर लटकलंय, हा विचार मनात येऊन तिला जरा हसूही आलं.

मग कॅमेरा एका गच्चीवर थांबला. टाकीच्या सावलीत एक बाई उभी होती, एक हात कठड्यावर. चौकट हिरवी होती. बाईने वर पाहिलं. मग तिने काखेतला लाल अभ्रा काढला आणि तो डोक्यावर धरून फुग्याच्या दिशेने हलवायला लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा पुन्हा, आगगाडीला निरोप देताना हलवतात तसा.

चौकट पिवळी झाली.

मुलीने सांगितलं, पिवळी म्हणजे संशयास्पद, लक्ष ठेवा. खूण करणारं माणूस यंत्राने बरोबर हेरलं होतं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांचा चेहरा उजळला.

तो अभ्रा फुगेवालीनेच शिवलेला होता. कडेची दुहेरी टीप तिला एवढ्या वरून दिसत नव्हती, पण दिसायची गरजही नव्हती. तीन मजल्यांवर आणखी एक जिना, आणि त्या गुडघ्यांनी. ती माझी ताई आहे, एवढंच सांगायचं होतं. टाळ्या थांबल्या, कॅमेरा पुढे सरकला, आणि ती मूग गिळून खुर्चीवर बसून राहिली. त्या गप्प बसण्याची तिला जन्मात कशाची वाटली नाही एवढी लाज वाटली.

संध्याकाळी घरी आली तर फॉर्म टेबलावर होता. खाली ताईची सही होती, टेलिफोन खात्यातली, ठसठशीत. ताई भाजी निवडत होती. वर न बघताच म्हणाली, “फुग्यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण टाका तुझा आहे. घाल पैसे.”

“दुपारी काय केलंस?” फुगेवालीने विचारलं.

“झोपले होते. दुसरं काय करणार?”

फुगेवालीने फॉर्म पर्समध्ये ठेवला. तो तिथेच राहिला. रोज कारखान्यात जायचा, रोज परत यायचा. ती त्यावरचं वाक्य वाचायची आणि तिला ती पिवळी चौकट दिसायची. महिनाअखेर आली आणि गेली. कुणी म्हणेल, एवढी चाड होती तर नोकरी का नाही सोडली? पोट होतं, म्हणून नाही सोडली. टाके ती घालतच राहिली, आणि तेही पूर्वीइतकेच पक्के, कारण कच्चा टाका तिच्या हाताला येतच नव्हता. फक्त ढगातून घर वर यायचं बंद झालं. फॉर्म दिला नाही हे मात्र तिने ताईला सांगितलं नाही. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत आठ महिने गेले.

कंपनी बाजारात आली त्या दिवशी भाव चौपट झाला. हिशेबनीस दोनदा पाणी प्यायले. शेजारच्या मशीनवरची बाई रडायलाच लागली, मुलीची फी सुटली म्हणून. फुगेवालीने तिला जवळ घेतलं, आणि खोटं कशाला सांगा, मनातल्या मनात आपला चौपटीचा हिशेबही करून पाहिला. घरी जाताना तिने जिने मोजले नाहीत, पण प्रत्येक पायरी तिला लागली.

ताई रेडिओ लावून बसली होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच आली होती. समोर वहीचा कागद होता, आणि त्यावर पेन्सिलीने एक लहानसं घर काढलं होतं, पुढे अंगण.

“आपला फुगा लई वर गेला म्हणे,” ताई म्हणाली.

फुगेवाली चप्पलसुद्धा न काढता खाली बसली. “ताई, मी फॉर्म दिलाच नाही गं.”

ताईने रेडिओ बंद केला. तिने तो कागद घडी करून वहीत ठेवला. का, म्हणून तिने विचारलं, तेही ओरडून नाही. फुगेवालीने चौकट सांगितली नाही, टाळ्या सांगितल्या नाहीत. त्या गोष्टी तिने पुढेही कधी सांगितल्या नाहीत. तिने खाली मान घालून एवढंच सांगितलं, “तू दुपारी गच्चीवर जातेस. त्या फुग्यातून मी तुला पाहिलं. तुला न विचारता. मला ते बरं नाही वाटलं.”

आता ही चिडणार, घर गेलं म्हणून रडणार, असं फुगेवालीला वाटलं, आणि तिने ते सगळं ऐकून घ्यायची तयारी केली. ताई खिडकीकडे बघत होती. मग तिने वळून अगदी हळू विचारलं.

“दिसते का गं मी तिथून?”

“दिसतेस.”

“अभ्रा?”

“तोही दिसतो. लाल.”

“रोज हलवते,” ताई म्हणाली. “म्हटलं, एवढ्या लांबून कुठलं दिसायला. तरी हलवते.” तिने डोळ्यांना पदर लावला आणि मग त्याच पदराने कानामागची बट सारखी केली. “आधी सांगायचंस की, फुगेवाले. केस तरी विंचरून गेले असते.”