कोटाला बसवलेलं डोकं

हसायचं नाही, अशी आधी शपथ घ्या, मगच सांगतो! माती तशी मी आयुष्यात बऱ्याचदा खाल्ली, पण शिडीवर चढून खाल्ली ती एकदाच.

पिंपरीला पहिला मोठा कारखाना उभा राहत होता, तेव्हाची गोष्ट. म्हटलं, साहेबलोक येणार म्हणजे कोट शिवणार. चिंचवड स्टेशनजवळ टेलरिंगचं दुकान थाटलं. सासरे खेडचे, महाकडक! त्यांचा निरोप आला, "दुकान डोळ्यांनी बघतो, मगच पोरीला नांदायला धाडतो." आता सांगा, झोप लागेल?

बोर्ड रंगवायला चाकणचे दस्तगीरचाचा आले. काय हात होता राव! अक्षर असं काढायचे की अंगठेबहाद्दरसुद्धा थांबून बघायचा. त्यांनी निळ्या बोर्डावर कोट काढला, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात आपलं नाव घातलं. प्रत्येक बटण चमकतंय, बाहीला एक चुणी नाही. फक्त कॉलरच्या वर काहीच नाही!

"चाचा, डोकं राहिलं की!"

"माणूस मी काढत नाही, बेटा. जीव घालणारा तो वरचा. मला जीव घालता येत नाही, मग नुसता चेहरा कशाला काढू? आमच्यातले काही जण काढतात, त्यांचं त्यांच्यापाशी. मला माझ्या वडलांनी हे शिकवलं."

"अहो, पण गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"तुला कोट शिवायचाय ना? डोकं गिऱ्हाईक आपलं घेऊन येतं!"

किती शहाणं बोलणं! पण ऐकेन तर मी कसला? चाचा घरी जायला निघाले, अन् उरलेला रंग घेऊन मी चढलो शिडीवर.

एक डोळा वर गेला, दुसरा मिटल्यासारखा झाला. ते झाकायला भुवया जाड केल्या. ओठ जमेना, म्हणून मिशा काढल्या. एक मिशी लांबली, म्हणून दुसरी वाढवली. डोक्याचा भोपळा झाला, त्यावर फेटा चढवला. खाली उतरून बघतो तर काय? हुबेहूब सासरे!

पुसायला रॉकेल शोधतोय, तोवर सासरेच दारात. मागे दहा बघे.

"जावई, ह्ये आमी हाय का?"

"न-नाही मामा... म्हणजे, तुमच्या सन्मानासाठी..."

"सन्मान? आन् डोळा का फोडला आमचा?"

तेवढ्यात विसरलेला ब्रश न्यायला चाचा परत आले. त्यांनी वर बघितलं. "खाली माझं नाव आहे रे," एवढंच म्हणाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला! जन्मात ज्या माणसानं चेहरा काढला नाही, त्याच्या नावावर मी हे ध्यान खपवलं होतं.

चाचांनी शिवी दिली नाही की तमाशा केला नाही. शिडी चढले, चेहरा पुसला, निळ्या रंगाचा हात फिरवला आणि कॉलरच्या वर एक खुंटी काढली. कोट खुंटीला असा टांगला गेला की कुणीही हात घालून उतरवावा!

सासरे बघतच राहिले. "वा रं गडी! ह्याला म्हनायचं काम. जावई, पोरीला धाडतो. आन् मला अस्साच कोट शिवा."

बायको आली. कोटही शिवला. सासऱ्यांनी अंगात घातला, एक बाही बघितली, दुसरी बघितली, मग मान वर करून बोर्डाकडे बघितलं.

"जावईबापू, ह्यो ऱ्हाऊ द्या. त्यो खुंटीवरचा द्या काढून!"

आणि सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं असेल? जिच्यासाठी शिडीवर चढलो होतो, ती!