जाजमाचा वास काढला त्या दुपारी

इथले भुताखेतांचे अनुभव मी दुकानात गिऱ्हाईक नसलं की वाचते, आणि बहुतेकांना मनातल्या मनात ‘वारा असेल’, ‘उंदीर असेल’, ‘जेवण जास्त झालं असेल’ अशी उत्तरं देत बसते. लातूरला आमचं लाँड्रीचं दुकान आहे. नवरा इस्त्री बघतो, मी डाग आणि वास. लोक गालिचे, सतरंज्या नाक दाबून आणून देतात आणि हसत घेऊन जातात. वास कुठून येतो आणि कशाने जातो हे रोज बघणाऱ्या बाईला कुणी अमानवीय वगैरे सांगायला लागलं की हसूच येतं. तरीही आज लिहायला बसले... कारण गेल्या उन्हाळ्यात माहेरी जे झालं त्याला माझ्याकडे ना वारा आहे, ना उंदीर.

माझं माहेर मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागूनच. दोन खोल्या, पुढे पत्र्याची बैठक, समोर मोकळं अंगण. आम्ही मेंढरंवाले. आबा, म्हणजे माझे वडील, दिवाळी झाली की कळप घेऊन खाली गंगथडीला उतरायचे, गोदावरीकाठच्या काळ्या रानांत. दिंद्रुडकडचे शेतकरी रानात मेंढ्या बसवायला त्यांची वाट बघत असायचे, कारण लेंडीखताने रान सुधारतं. मृग जवळ आला की आबा परत. आम्ही पोरं रस्त्यावर उभी! आधी धूळ दिसायची, मग वास यायचा, आणि मग सगळ्यात मागून आबा. तो वास म्हणजे लोकर, घाम, बाभळीच्या शेंगा, थोडं दूध, थोडी माती... शहरातला माणूस नाक मुरडेल. मला मात्र तो नुसता आठवला तरी शाळेला सुट्टी लागल्यासारखं वाटतं.

पुढे आबांचे गुडघे गेले आणि त्यांनी कळप विकला. शेवटी कातरलेली लोकर तेवढी विकली नाही. तिच्या घोंगडीसारख्या पट्ट्या विणून घेतल्या आणि एकीला एक जोडून बैठकीभर पुरेल एवढं जाजम शिवलं. त्याला रीतीप्रमाणे चिंचोक्याची खळ दिली — चिंचेच्या बियांची शिजवलेली पेजच ती, तिने लोकर ताठ राहते. आबा त्याच जाजमावर बसायचे, जेवायचे, झोपायचे. त्यावरच गेले. आणि ते गेल्यापासून आई त्याच जागेवर झोपते. लेकीसुनांनी पलंग घेऊन दिला तर त्यावर तिने वाळवणाच्या परड्या ठेवल्या.

मे महिन्यात घरचे सगळे लग्नाला गेले आणि मागे कूलरची नळी निसटली. परत येईपर्यंत जाजम भिजून, आंबून गेलेलं. लोकर ओली झाली तर एक वेळ चालतं, पण आंबलेली खळ... तो वास शत्रूच्या घरातही नको. वहिनीचा फोन आला, ती आईला आत्या म्हणते.

“ताई, बैठकीत कायतरी मेल्यावानी वास यायलाय. पावनं दारातूनच परत चाललेत. ह्यांनी दोनदा उचललं उकिरड्यावर टाकायला, पण आत्या त्याच्यावरच बसून ऱ्हायल्या. जेवनात ध्यान न्हाई, झोप न्हाई. अशानं त्या हाताला लागायच्या न्हाईत.”

मी सोड्याची पिशवी, व्हिनेगर आणि माझा जाडा ब्रश घेऊन एसटीत बसले. मनात म्हटलं, हे काम तर माझंच!

खळ दिलेल्या लोकरीला पाण्यात बुडवायची सोय नसते, उरलीसुरली खळही सुटते. मी भाऊ आणि वहिनीला हाताशी घेतलं. आधी जाजम उन्हात खडखडीत वाळवलं. मग काठीने झोडपलं. सोडा भुरभुरून ठेवला, झटकला, परत भुरभुरला. पाण्यात व्हिनेगर टाकून घट्ट पिळलेलं फडकं फिरवलं. कडुनिंबाचा वाळला पाला पेटवून खालून धूर दिला. अंगणात दोन बाजा लावून त्यावर जाजम रोज उलटंसुलटं उन्हात. शेवटी एका दुपारी मी त्यात नाक खुपसलं आणि काही म्हणजे काहीच वास आला नाही. मी ओरडत आत गेले, “माय, ये, बघ!”

आई आली. वाकून तिने जाजमाला गाल लावला. मग उभी राहून माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

“लई मेहनत केलीस बाये. पन आता हे कुनाचंबी जाजम हाय.”

आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. ताट वाढलेलं तसंच राहिलं.

मला कळायला थोडा वेळ लागला. आंबट वासाबरोबर तोही गेला होता — मेंढरांचा, आबांचा, रस्त्यावर उभं राहून आम्ही ज्याची वाट बघायचो तो. गिऱ्हाइकांना मी अगदी तोऱ्यात सांगते, वासाचा मागमूस ठेवणार नाही. तेच केलं होतं. अंगणात उकिडवी बसले आणि पदरात तोंड घालून रडले.

तेवढ्यात रस्त्यावर घुंगरं वाजली. गंगथडीहून परत चाललेला एक कळप, मागे तिशीतला मेंढका आणि त्याचं कुत्रं. दर वर्षी असे कळप आमच्यासमोरून जातात, त्यात नवल काही नाही. पण हा कळप वळला. पुढची मेंढी फाटकातून आत आली, तिच्यामागे सगळ्याच. आणि बाजांभोवती, जाजमाकडे तोंड करून, एक एक करत खाली बसल्या.

“ताई, राग मानू नका, आत्ता काढतो,” म्हणत मेंढका धावत आला. शीळ घातली, काठी आपटली, ओरडला. पुढच्या मेंढीला कानाला धरून उठवलं. ती उठली आणि त्याने हात सोडताच परत बसली. कुत्रंही फाटकात पाय पसरून बसलं.

“असं कवाच केलं न्हाई यांनी! का म्हून बसली काय म्हाईत...”

मेंढरांतच वाढले आहे मी. दुपारी मेंढ्या बसतात, पण सावलीला बसतात. रस्त्यापलीकडे कडुनिंबाची गार सावली होती आणि ह्या बसल्या मे महिन्याच्या उन्हात. एकीनेही जाजमाला तोंड लावलं नाही. एकही ओरडत नव्हती. एवढा कळप आणि इतका गप्प, हे मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

आई दारात येऊन उभी होती.

“कुनाची मेंढरं रे?”

“माजीच, मावशी. मी आष्टीकडचा.”

“हिकडनं कुनाकडनं घेतलती का?”

“न्हाई वो, घरचीच पैदास हाय. आज्याच्या वक्तापासनं.”

आई पायऱ्या उतरून मेंढरांमध्ये गेली. इथे एक सांगायला हवं. प्रत्येक मेंढक्याची हाळी, म्हणजे मेंढरांना घालायची साद, त्याची स्वतःची असते. विकत घेतलेल्या मेंढीला नव्या धन्याची हाळी कळायला बरेच दिवस जातात, परक्याच्या हाळीला ती कानसुद्धा हलवत नाही. आणि आई तर कधी कळपामागे गेलीच नव्हती, आम्हा पोरांना घेऊन घरी असायची. तिच्या तोंडून मी हाळी कधी ऐकली नव्हती.

तिने टाळूला जीभ लावून दोनदा आवाज काढला. “ट्टॉक... ट्टॉक... हूऽऽर माये, चला गं.”

अगदी आबांची हाळी. आवाज मात्र आईचाच, म्हातारा, थोडा कापरा.

सगळी मेंढरं एकदम उठली. ढकलाढकली नाही, गडबड नाही. फाटकातून बाहेर पडली आणि पाटोद्याच्या दिशेने रस्त्याला लागली. माझ्या अंगावर काटा आला तो आत्ता लिहितानाही आलाय.

मेंढका काठी काखेत मारून आईपाशी आला. “मावशी, तुमची हाळी यांला कशी कळली वो?”

“माजी न्हाई ती. आमच्या मालकाची हाय,” आई म्हणाली. “जा, मेंढरं फुडं गेली तुजी.”

मग माझ्याकडे वळून, “भाकर हाय का गं? आन् ते जाजम आत टाका, लई ऊन खाल्लं त्यानं.”

त्या दुपारी ती जाजमावर बसून पोटभर जेवली आणि तिथेच झोपली. घोरत होती! वहिनी आणि मी दारात बसून नुसतं ऐकत होतो. आम्हा दोघींना हसूही येत होतं आणि रडूही.

नवऱ्याचं म्हणणं, सोडा खारट असतो, मिठासाठी आल्या असतील. पण मग चाटल्या का नाहीत? भाऊ म्हणतो, हाळ्या सगळ्या सारख्याच असतात. त्याला मेंढरांतलं काही कळत नाही, लहानपणापासूनच. मीही खूप डोकं चालवलं. परक्या कळपाला माझ्या मेलेल्या बापाची हाळी कुणी शिकवली, हे मला तरी सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला येत असेल तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन.

आई आता ठणठणीत आहे. जाजमाला परत वास यायला लागलाय म्हणते, आबांचा. मी दर खेपेला गेले की आधी बैठकीत वाकून नाक लावते. इतकी वर्षं वासाचाच धंदा केला, हे नाक सहसा फसत नाही. मला काहीच येत नाही. आई शेजारी बसून विचारते, “आला का गं?” आणि मी होय म्हणते. मग ती जे हसते ना... मला तिचा फार हेवा वाटतो.