रखमाजी मिस्त्रींनी डिस्क बदलली

भोंगवलीत रखमाजींना सगळे मिस्त्री म्हणतात. एस.टी.च्या भोर डेपोत त्यांनी उभी हयात गाड्या दुरुस्त केल्या, आणि निवृत्त होऊन घरी आल्यावर गावातले पंप, मिक्सर, पंखे त्यांच्या ओट्यावर जमा व्हायला लागले. त्यांची तपासायची रीत ठरलेली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशिनीवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. “मशीन बोलत असतंय,” ते म्हणायचे, “ऐकनारा पायजे.” बऱ्याच मशिनी त्यांच्याशी बोलायच्या. काही बोलायच्या नाहीत, त्या ओट्याखालच्या पत्र्याच्या पेटीत जायच्या.

त्यांच्या बायकोला, धोंडाबाईंना, मशिनींचं काही कौतुक नव्हतं. त्यांचा जीव रानात. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं की आता खुरपणीला बसायचं नाही. रान पुतण्याकडे गेलं आणि धोंडाबाई घरात अडकल्या. घरात बसलेलं माणूस काय करणार? रखमाजींकडे बघणार. ते चहा बशीत ओततात तो सांडतो, दाढी करताना पाणी वाया घालवतात, पेटीतला गंज घरभर करतात, हे सगळं इतकी वर्षं कसं खपून गेलं याचं त्यांना नवल वाटायला लागलं.

मुलगा कुमार पुण्याला कंपनीत आहे. आईची करमणूक म्हणून त्यानं आपलं जुनं गेमचं मशीन आणून टीव्हीला जोडून दिलं. त्यात शेतीचा एक खेळ होता. ट्रॅक्टर चालवायचा, नांगरायचं, पेरायचं, कापणी करून माल विकायचा. धोंडाबाईंनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं. आठवड्याभरात त्यांना रिमोटवरचं बटण अन् बटण पाठ झालं. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण चित्रावरून बियाणं कुठलं आणि खत कुठलं ते त्या बरोबर ओळखायच्या. बघता बघता टीव्हीत त्यांचं रान एवढं वाढलं की एका बांधावरून दुसरा बांध दिसत नव्हता.

“गाई चांगल्या हायेत,” त्या शेजारणीला सांगायच्या, “पन शेनाला वास न्हाई. खत कसलं पडत आसंल देव जाने.”

घरात शांतता नांदली. रखमाजी बशीत ओततील तितका चहा सांडू लागले.

मग एक दिवस त्या खेळाची नवी आवृत्ती आली आणि मशिनीत जागा नाही असा निरोप पडद्यावर दिसू लागला. कुमार फोनवर म्हणाला, “आई, आतलं काहीतरी काढून टाकावं लागंल.”

“जागा न्हाई म्हून रान काढून टाकू व्हय?” धोंडाबाई म्हणाल्या.

कुमारनं मोठी हार्डडिस्क घेतली आणि गावाकडे येणाऱ्या एकाबरोबर पाठवून दिली. सोबत निरोप होता की मी रविवारी येतो, मी बसवीन, तोवर कुणी हात लावू नका. हा निरोप रखमाजींच्या जिव्हारी लागला. ज्या माणसानं एस.टी.ची इंजिनं उतरवून चढवली त्याला चार स्क्रूची डिस्क बसवायला पोराची वाट बघायला सांगायची? त्यांनी ओट्यावर गोणपाट अंथरलं, मशीन पालथं घातलं आणि उघडलं. जुनी डिस्क निघाली, नवी बसली, झाकण लागलं. एक बारका स्क्रू शिल्लक राहिला.

“ह्यो कशाचा?” धोंडाबाईंनी विचारलं.

“कंपनी एक जास्तीचा देत आसती,” रखमाजी म्हणाले आणि तो खिशात घातला.

मशीन लावलं. खेळ दिसला नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर आला. रखमाजींनी एकेक अक्षर लावत वाचलं, तर रिमोट वायरनं मशिनीला जोडा आणि मधलं बटण दाबा असा अर्थ निघाला. त्यांनी खिडकीतली मोबाईलची वायर आणून जोडली. रिमोटचा दिवा लागला. बटण दाबलं. काही नाही. जोरात दाबलं, तरी नाही.

दिवा लागतोय म्हणजे वायर चांगली, तेव्हा दोष आत आहे, असा त्यांनी निष्कर्ष काढला. मशीन पुन्हा उघडलं, डिस्क काढून फुंकली, बसवली. पडद्यावर तोच मजकूर. स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकलं. आतला पंखा गुणगुणत होता, बाकी मशीन गप्प होतं.

इकडे धोंडाबाई रिकाम्या झाल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी रखमाजींचे शर्ट काढून कॉलर तपासल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जेवणातलं मीठ कमी केलं, कारण आता लक्ष द्यायला वेळ होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी पत्र्याची पेटी ओट्यावर ओढून उघडली आणि एकेक पार्ट वर धरून विचारायला लागल्या, “हे कशाला लागतंय? आन हे?” तेव्हा रखमाजींनी मान खाली घालून कुमारला फोन लावला.

हात कुणी लावायचा नव्हता यावर कुमार थोडा वेळ बोलला. मग म्हणाला, “आण्णा, मोबाईलची ती वायर नुसती चार्जिंगची आसंल. तिच्यातनं करंट जातोय, निरोप जात न्हाई. मशिनीबरोबर आलेली जाड काळी वायर लावा.”

रखमाजींनी फोन ठेवला आणि धोंडाबाईंना म्हणाले, “तुमी बायका आवराआवर करता आन नेमकी वस्तू गायब हुती. जाड काळी वायर कुठं टाकली?”

धोंडाबाई उठल्या. काठी टेकत त्या परसात गेल्या आणि दुधीच्या मांडवाकडे बोट दाखवलं. मांडवाचा खांब आणि आडवा बांबू जाड काळ्या वायरनं घट्ट आवळलेला होता. गाठ एस.टी.च्या मेकॅनिकची होती, ओळखू येण्यासारखी. सोडवता सोडवता एक कोवळा दुधी खाली आला. तो त्या दिवशी भाजीला झाला.

वायर लावली, बटण दाबलं, आणि मशीन पुढे सरकलं. आता पडद्यावर दुसरा मजकूर आला. कुमारनं फोनवर समजावलं, की नवी डिस्क कोरी आहे, मशिनीला चालवणारी फाईल पेनड्राइव्हवर घालून आणावी लागेल, कापूरहोळला सम्राटचं मोबाईलचं दुकान आहे तिथं करून मिळेल.

“म्हंजे गाडी नवी, पन ड्रायव्हर न्हाई,” रखमाजी म्हणाले.

“तसंच समजा.”

कुठल्या मशिनीचं काम आहे याचा पुरावा जवळ असावा म्हणून त्यांनी काढलेली जुनी डिस्क रुमालात गुंडाळून खिशात घातली आणि कापूरहोळ गाठलं. सम्राट तरुण होता, नम्र होता आणि घाईत होता. त्यानं फाईल भरून दिली. घरी येऊन लावली तर मशिनीनं ती घेतली नाही. कुमार म्हणाला, ती लहान फाईल, चालू मशीन सुधारायची. कोऱ्या डिस्कला मोठी लागते. रखमाजी पुन्हा कापूरहोळला गेले.

“काका, मोठी फाईल तुमच्या पेनड्राइव्हमधी मावायची न्हाई,” सम्राट म्हणाला. “दुसरं काय हाय का?”

रखमाजींनी रुमाल सोडला. सम्राटनं जुनी डिस्क उलटसुलट बघितली, एका डबीत बसवून कॉम्प्युटरला जोडली आणि विचारलं, “सगळं पुसावं लागंल. आत काय ठेवायचंय?”

“जुना माल हाय,” रखमाजी ऐटीत म्हणाले. “पुस.”

घरी येऊन ती डबी मशिनीला जोडली, आणि ह्या खेपेला सगळं जमलं. पडद्यावर निळी पट्टी हळूहळू भरत गेली. मशीन बंद होऊन आपोआप सुरू झालं. रखमाजींनी खुर्ची पुढे ओढून धोंडाबाईंना बसवलं, रिमोट हातात दिला आणि मिशीवरून हात फिरवला. खेळ नेटवरून उतरायला दुपार गेली. संध्याकाळी तो उघडला. हिरवं माळरान दिसलं, एक छोटं घर, एक जुनाट ट्रॅक्टर.

“माझं रान कुठाय?” धोंडाबाई म्हणाल्या.

रखमाजींनी कुमारला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

“काळजी करू नको आई,” कुमार म्हणाला, “सगळं जुन्या डिस्कवर हाय. रविवारी ती लावून नव्या डिस्कवर घेऊ. आण्णा, ती जपून ठेवलीय ना?”

रखमाजींनी खिशातला रिकामा रुमाल चाचपला.

“आण्णा?”

“म्या पुसून घेतली,” रखमाजी म्हणाले.

कुमारनं फोन ठेवला. धोंडाबाई उठल्या, आत गेल्या. रखमाजी टीव्हीपुढे बसून राहिले. डेपोत एकदा त्यांच्या हातून गिअरबॉक्स पडला होता, तेव्हा साहेब अर्धा तास ओरडला होता. आत्ता कुणी ओरडेल तर बरं, असं त्यांना वाटत होतं. पण आतून फक्त भाकरी थापल्याचा आवाज येत होता. जेवताना ते एवढंच म्हणाले, “चुकलं माझं.” लग्नानंतर हे शब्द त्या घरात पहिल्यांदाच ऐकू आले असावेत, कारण धोंडाबाईंचा घास हातातच राहिला.

सकाळी रखमाजी चहा घेऊन आले तर धोंडाबाई टीव्हीपुढे बसलेल्या. शेजारी दुसरी खुर्ची मांडलेली.

“त्या रानात पान्याचा उतार चुकला हुता,” त्या म्हणाल्या. “म्या तवाच म्हनत हुते. आता नीट करू. बसा. मशिनीबरोबर आलेला कुमारचा दुसरा रिमोट घ्या. दोगांना खेळता येतंय.”

“मला कुठं येतंय?”

“मलाबी येत नव्हतं. ट्रॅक्टर घ्या आन त्या कडंनं नांगरा.”

रखमाजींनी ट्रॅक्टर सुरू केला, सरळ नेला आणि ओढ्यात घातला.

धोंडाबाईंनी बराच वेळ ओढ्यातल्या ट्रॅक्टरकडे पाहिलं. “डेपोत तुमच्या हातात गाडी का देत नव्हते,” त्या म्हणाल्या, “ते आज कळलं.”

“आगं, त्याचं स्टेअरिंग वडतंय डाव्या अंगाला,” रखमाजी म्हणाले. “उघडून बगितलं पायजे.”

“काय बी उघडायचं न्हाई.”

रविवारी कुमार आला. त्यानं आईची समजूत घालायला म्हणून तयारी करून ठेवली होती. घरात शिरला तर दोघंही टीव्हीपुढे, पाठ दाराकडे. वडील घामाघूम होऊन बटणं दाबत होते आणि आई त्यांना पेरणीची ओळ सरळ कशी धरायची ते सांगत होती. कुणी मागं वळून बघितलं नाही.

“आलास व्हय,” धोंडाबाई म्हणाल्या. “चहा तेवढा टाक. आमची पेरनी चाललीय.”