मामांचं आतलं रीडिंग

समोरच्या काट्यावर मामांचा एकदम विश्वास बसत नसे. वाण्याचा तराजू असो की आमच्या गाडीतला पेट्रोलचा काटा, काटा अडकला तर नाही ना म्हणून आधी बोटानं टिचकी मारायची, मग आकडा वाचायचा. एकलहऱ्याच्या थर्मल वीजकेंद्रात एकतीस वर्षं दर तासाला मीटर वाचून आकडे लिहिले, त्याची ही सवय. आम्ही भाचरं त्यांना रीडिंगमामा म्हणायचो. "काय भाचेबुवा, आज किती दाखवतंय?" ही त्यांची खुशाली विचारण्याची रीत.

सत्तरीनंतर ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारू लागले. एका रविवारी मी मोजलं. जेवण होईपर्यंत "दूध आलं का?" हे नऊ वेळा झालं. मामी निफाडकडच्या, बोलायला सडेतोड.

"मुद्दाम करतात," त्या मला म्हणाल्या. "अख्खं थर्मल ध्यानात ठेवलं, अन् दुधाची पिशवी ध्यानात राहत नाय? मला छळायचं, दुसरं काय!"

मामा खाली मान घालून जेवत राहिले.

डॉक्टरांनी बरेच प्रश्न विचारून झाल्यावर मेंदूचा एमआरआय सांगितला, तेव्हा मामी अडून बसल्या. "फोटो काढून गुण येणार हाय का? नुसतं नाव कळणार. मग गल्लीभर म्हणतील, म्हातारा वेडा झाला." खरं सांगायचं तर मलाही ते पटत होतं. बरं होणार नसेल, तर बघायचं कशाला?

निकाल मामांनीच दिला. "अगं, डोकं माझं आहे ना? आत काय चाललंय ते मला बघू दे. रीडिंग न घेता युनिट चालवलेलं मला माहीत नाही."

मशीनमध्ये ते सत्तावीस मिनिटं हलले नाहीत. बाहेर आल्यावर तिथल्या मुलीला म्हणाले, "आवाज फार करतं हो. बेअरिंग बघून घ्या."

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरून आठवणींशी संबंधित भाग आक्रसलेला दाखवला. सगळ्या तपासण्या मिळून हा स्मृतिभ्रंशच दिसतो, बरा होणार नाही, वेग थोडा कमी करता येईल, असं स्पष्ट सांगितलं. मामांनी फिल्मला टिचकी मारली. "काटा अडकलेला नाही," म्हणाले.

परतताना रिक्षात नाशिकरोड आल्यावर मामी म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही मुद्दाम नव्हता करत."

"नव्हतो गं. पण तू इतकं म्हणायचीस, की मलाही खात्री राहिली नव्हती."

आजार चढतच गेला. मामींचा राग मात्र त्या दिवशी उतरला, तो उतरलाच.

मामा यंदा संक्रांतीच्या आधी गेले. शेवटची भेट दिवाळीतली. मी समोर बसलो, तर त्यांनी मामींना विचारलं, "हे कोण?"

"तुमचा भाचा. पाया पडायला आलाय."

मी वाकलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, "सुखी राहा" म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा, "हे कोण?" मी जणू आत्ताच दारातून आलोय, अशा कौतुकानं मामींनी पुन्हा ओळख करून दिली. तासाभरात मी चार वेळा पाया पडलो. चारही वेळा आशीर्वाद पूर्ण मिळाला.