मायच्या ओट्याची माती

त्या वर्षी मी आमच्या गावदेवीशी, माता मायशी, बोलणं सोडलं होतं. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. तळेगावात आमचं कापडाचं दुकान, मागे घर आणि घरामागच्या वाटेनं थोडं गेलं की मायचा ओटा. ओटा म्हणजे निंबाखाली दगडमातीचा चौथरा आणि त्यावर शेंदूर लावलेले गोटे. दर मंगळवारी मी तिथे पाणी घालायला जायची, कारण आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारातून बघत असत. पण पाणी ओतायची आणि तोंड फिरवून परत यायची. मनात एकच असायचं, की मी माझा शब्द पाळून बसले आहे, तू तुझा कधी पाळणार?

शब्द कोणता ते सांगते. माझा पहिला मुलगा सव्वा महिन्याचा होऊन गेला. आमच्यात इतकं लहान लेकरू गेलं की जाळत नाहीत, पुरतात, आणि खड्डा बापानं खणायचा असतो. यजमान घरची सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन गेले. परत आल्यावर ती त्यांनी गोठ्याच्या कोपऱ्यात टाकली आणि पुन्हा कधी हातात धरली नाही. त्यानंतर दीड-दोन वर्षांनी नंदा झाली. ती जन्मली तेव्हा बराच वेळ रडलीच नाही. सुईण तिची पाठ चोळत होती आणि मी पडल्या पडल्या नवस बोलून बसले, "माय, हे लेकरू राहू दे. हिचं पहिलं पाऊल तुह्या ओट्यावर पडंन. तोवर मी हिले भुईले टेकवणार नाई." तेवढ्यात नंदा रडली. आता सांगा, अशा नवसात कोण खोट काढेल?

मी तो अगदी कडक पाळला. पाऊल म्हणजे तिनं स्वतः उभं राहून टाकलेलं, नुसते पाय टेकवलेले नव्हे, असंच मी धरून चालले होते. नंदा पाळण्यात, नाहीतर बाजेवर, नाहीतर कोणाच्या तरी कडेवर. अंघोळसुद्धा माझ्या पायांवर. मला त्याचा थोडा तोराही होता. वर्ष उलटलं. शेजारची लेकरं अंगणभर रांगायला लागली आणि नंदाची मान अजून डुलत होती. बसवली की दुमडून पुढे पडायची. आत्याबाई तिच्याकडे बघून म्हणायच्या, "देवाचं लेकरू हाय व माय, सोडून दे त्याच्यावर." सोडून दे हे शब्द ऐकले की माझ्या अंगाची आग व्हायची. एक सोडून दिलं होतं, ते काय कमी होतं?

शेवटी तिला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, जन्मताना रडायला उशीर झाला, त्यात मेंदूला इजा पोचली. यावर सुई नाही, औषध नाही. रोजचा व्यायाम आहे, आणि वय जितकं लहान तितकं लेकरू लवकर शिकतं. तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी टेबलावर नंदाला पालथी घालून, कुशीवर वळवून, बसवून सगळं दाखवलं आणि सांगितलं, घरी टणक जमिनीवर करा. मी मान हलवली. नवसाचं तोंडातून काढलं नाही. शिकलेल्या माणसांपुढे हसं होईल अशी लाज वाटली. घरी मी सगळा व्यायाम बाजेवर घेतला. दोरीची बाज मधोमध खोल जाते आणि तिच्यावर नंदाही खोल जायची. चार महिने मी नेमानं व्यायाम घेतला आणि चार महिने काहीच हाललं नाही. बाई विचारायच्या, "घरी करता ना?" मी म्हणायची, "रोज करते." खोटं नव्हतं ते, म्हणून तर झोंबायचं. चौथ्या महिन्याच्या खेपेला त्या नंदाचे पाय वाकवून बघत म्हणाल्या, "कंबर आखडत चालली आहे. आता वेळ घालवून चालणार नाही."

परत येताना बस रोहण्याला पंक्चर झाली. सगळे उतरून सावलीला बसले. माझ्या शेजारी एक पन्नाशीची बाई येऊन टेकली. साधं हिरवं लुगडं, हातात पिशवी. तिनं न विचारता नंदाला मांडीवर घेतलं, तिचे गुडघे चाचपले, कोपर चाचपले, टाचांवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघितलं.

"दीड वर्साचं लेकरू, अन् टाच अशी नरम? हे भुईवर ठेवलंच नाई काय तू?"

दवाखान्यात जे बोलले नव्हते ते मी तिच्यापुढे भडाभडा बोलले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"माह्या भावाचं पोरगं असंच होतं," ती म्हणाली. "आंगणात खड्डा कर. हिच्या कंबरेइतका. चारी अंगानं गोधडी लाव, बुडाशी रेती टाक अन् त्याच्यात बसव. माती चहूकडून धरते, मंग पाठ आपली आपण शिकते. सकाळ-संध्याकाळ बसवजो. थकली का काढजो."

खड्डा हा शब्द ऐकला आणि मी नंदाला तिच्या मांडीवरून ओढून घेतलं. मी म्हटलं, "बाई, आमच्या घरी लेकरासाठी एकदा खड्डा झाला हाय." ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "म्हणूनच सांगून राह्यली." मग बस सुरू झाली आणि ती रोहण्यालाच राहिली.

आठ दिवस मी कोणाला काही बोलले नाही. नंदाची टाच धरून बसायची आणि रडू आवरायची. नवस मोडला आणि हिलाही मायनं नेलं तर? नाही मोडला आणि ही जन्मभर अशीच बाजेवर राहिली तर? दोन्हीकडून माझाच हात तिच्या गळ्याशी आहे असं वाटायचं.

आत्याबाई आष्टीच्या बाजाराला गेल्या त्या दिवशी मी गोठ्यातून ती सब्बल काढली. उन्हाळ्याचे दिवस, काळी जमीन दगडासारखी. प्रत्येक घावाला दातांपर्यंत झिणझिण्या येत. खणण्याचा आवाज ऐकून यजमान दुकानातून मागे आले. आधी त्यांना सब्बल दिसली, मग खड्डा. त्याचं माप बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. ते धावत बाजेकडे गेले आणि नंदाच्या छातीवर हात ठेवून उभे राहिले. तिचा श्वास हाताला लागल्यावर माझ्याकडे वळले.

"काय करून राह्यली तू हे?"

मी सांगितलं. ते तिथेच भुईवर बसले. खड्ड्यात हात घालून बघितला. मग म्हणाले, "किती खोल पाह्यजे?"

"तिच्या कंबरेइतका."

त्यांनी वितीनं नंदाला मोजलं आणि माझ्या हातातून सब्बल घेतली. ते खणत होते, नाकाच्या शेंड्यावरून पाणी गळत होतं आणि ते सगळं घामाचं नव्हतं. रांजणाखालची रेती मी आणून बुडाशी पसरली, चारी बाजूंनी गोधडी लावली. मग नंदाला उचललं, आणि माझे हात खालीच जाईनात. खड्ड्यावर तिला तशीच धरून मी मनात म्हटलं, माय, शब्द मी दिला होता. न्यायचं तर मला ने. आणि तिला आत बसवलं.

तेवढ्यात दारात आत्याबाई. त्यांना परतीची जीप लवकर मिळाली होती. हातातली पिशवी खाली पडली आणि कांदे अंगणभर झाले.

"काढ," त्या म्हणाल्या. "काढ आधी माह्या नातीले त्याच्यातून."

मी जागची हलले नाही, यजमान हलले नाहीत. त्या स्वतः पुढे आल्या आणि वाकल्या. नंदानं मान वर केली. वर केली आणि धरून ठेवली. तिचे दोन्ही हात खड्ड्याच्या काठावर होते. तिनं आजीकडे बघितलं, मग बोटांनी मातीचं ढेकूळ उकरलं आणि तोंडात घातलं. आत्याबाईंचे हात तसेच अधांतरी राहिले. नंदा बसली होती. कोणी धरलं नव्हतं, फक्त मातीनं धरलं होतं.

"नवस काय बोलली होतीस?" आत्याबाईंनी विचारलं. "पुरा सांग."

मी सांगितला. त्या मागच्या दारानं निघून गेल्या. आता त्या गावातली चार माणसं घेऊन येणार याची मला खात्रीच होती. आम्ही दोघं खड्ड्याजवळ बसून राहिलो. आत्याबाई परत आल्या त्या पदराचा ओचा धरून. ओच्यात माती होती, थोडा शेंदूर लागलेली.

"मायच्या ओट्याची हाय," त्या म्हणाल्या. "या घरात आली तवापासून तो ओटा मी सारवून राह्यली. मायले मी सांगतलं, पोट्टी येऊ शकत नाई, तूच चाल." त्यांनी नंदाला उचललं, माती रेतीवर पसरली, तिचे पाय त्यावर टेकवले आणि मग तिला पुन्हा बसवलं. "घे. पाऊल मायच्याच ओट्यावर पडलं. आता रडू नोको, कांदे वेच."

दवाखान्यात पुढच्या खेपेला मी सगळं खरं सांगितलं. बाई हसल्या नाहीत, उलट खड्ड्याचं माप लिहून घेतलं. पावसाळ्यापर्यंत नंदा खड्ड्याबाहेर, उघड्या अंगणात, आपली आपण बसू लागली. चालायला चार वर्षं लागली. एक पाय अजून ओढते, बोलणं सावकाश आहे. जे झालं त्याला चमत्कार म्हणायचं की मातीचा गुण, हे मला ठरवता येत नाही. रोहण्याला मी तीनदा जाऊन त्या बाईचा तपास केला. हिरव्या लुगड्याच्या बायका पुष्कळ भेटल्या, ती भेटली नाही. तिचं ऋण मात्र रोज आठवतं.

खड्डा आम्ही बुजवला नाही. आजूबाजूच्या गावांतून आया लेकरं घेऊन येऊ लागल्या. आत्याबाई प्रत्येकीला आधी दवाखान्यात जायला सांगत आणि मग ओट्याची मूठभर माती बुडाशी टाकून लेकरू स्वतः बसवत. त्या गेल्यावर आता माती आणायला नंदा जाते, पाय ओढत, वाटेवर एक लांब रेघ काढत.

सोडून दे, असं त्या म्हणायच्या तेव्हा मला राग यायचा. मला वाटायचं, सोडणं म्हणजे आशा सोडणं. खरं तर फक्त हात सोडायचे होते. दीड वर्ष मी लेकराला मायपासूनच वर उचलून धरलं होतं, कारण माय फक्त ओट्यावर आहे असं मला वाटलं होतं. परवा मंगळवारी नंदा माझ्यापुढे चालत होती आणि वाटेत पडली. मी धावले नाही. ती भुईला हात टेकून उठली.