इंजिनाशेजारची ऊबदार जागा

"तू नको गो. लेकुरवाळीचा हात लागू दे."

नाखवाची, म्हणजे बोटमालकाची, बायको एवढंच बोलली. काकी म्हणतो आम्ही तिला. आवाजही चढवला नाही. माझ्या हातातलं ओटीचं ताट तिनं अलगद काढून घेतलं, जसं काही मी ते धरून दमले होते.

मिरकरवाड्याचा धक्का. नारळी पुनवेची सकाळ. पावसाळ्याची मासेमारीबंदी संपून बोटी पाण्यात जायच्या होत्या. बोटीवर जे जे पुरुष चढतात त्यांच्या बायकांनी एकेकीनं बोटीला हळदकुंकू वाहायचं, खण-नारळानं तिची ओटी भरायची, ही आमच्या नाखवाकडची रीत. बोट हाकणाऱ्या तांडेलाच्या बायकोचं झालं. पुढची पाळी माझी. माझा नवरा महेश त्या ट्रॉलरवर इंजिन सांभाळतो. डायवर म्हणतात त्याला.

ताट माझ्या हातून गेलं आणि प्राचीच्या हातात आलं. प्राची म्हणजे नाखवाची सून. कडेवर बाळ. बाळाला दुसऱ्या कोणी घेतलं, तिनं पदर सारखा केला आणि माझ्या पाळीची ओटी तिनं भरली. सगळ्या बायका बघत होत्या. एक जण माझ्याकडं बघून चुकचुकली. दया आलेली मला ओळखता येते. शिवीपेक्षा वाईट लागते.

मी मासळी सोलणाऱ्या, वाळवणाऱ्या बायकांच्या संघटनेत काम करते. पत्रकं लिहिते, वाटते. 'बायांनो, मान खाली घालू नका' हे वाक्य माझंच. त्या सकाळी माझी मान खाली होती, आणि डोळे प्राचीच्या खांद्यावर. तिच्या ब्लाउजवर दुधाचा डाग होता, वाळलेला. मला त्या डागाचा हेवा वाटला. दागिन्यांचा नाही. घराचा नाही. डागाचा.

हेवा काय चीज आहे ते मला सांगू द्या, कारण त्यावर कुठलीही संघटना पत्रक काढत नाही. शेजारच्या दोरीवर वाळणाऱ्या झबल्यांचा हेवा वाटतो. बसमध्ये पोराच्या पाठीत धपाटा घालणाऱ्या बाईचा वाटतो. मीटिंगमध्ये एखादी म्हणते, जाते गो, पोरगा रडत असेल, आणि मी हसून म्हणते, जा जा. ती गेल्यावर माझं भाषण मलाच ऐकू येत नाही. मी चांगली बाई आहे असं मला वाटायचं. हेव्यानं ते पार धुऊन काढलं.

आधी तपासण्या झाल्या त्या माझ्याच. रक्त, सोनोग्राफी, नळ्यांमध्ये औषध सोडून काढतात तो फोटो. त्या दिवशी टेबलावर मी ओरडले तर नर्स म्हणाली, अजून तर काहीच नाही, बाळंतपणात काय कराल. सगळं नॉर्मल आलं. तरी सासूनं मला देवळात नेऊन कौल लावला, मलाच उपास सांगितले. तिच्या मुलाला कोणी काही सांगितलं नाही. शेवटी मीच महेशला म्हटलं, आता तुझी पाळी. तो भांडला नाही. दोन दिवसांनी म्हणाला, चल.

रत्नागिरीतल्या लॅबमध्ये बाईनं डबी काउंटरवर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की संडास त्या बाजूला आहे, कडी लागत नाही, बाहेर कोणीतरी उभं राहा. मी दार धरून उभी राहिले. वादळात बंद पडलेलं इंजिन चालू करून बोट परत आणलेला माणूस आत हातात प्लास्टिकची डबी घेऊन. बराच वेळ गेला. रांगेतल्या एका काकांनी विचारलं, अजून किती वेळ हो? मी म्हटलं, "जाळं टाकलंय काका, ओढायला वेळ लागतो."

आतून महेशच्या हसण्याचा आवाज आला. आमच्या सगळ्या ट्रीटमेंटमधलं ते एकच हसू.

रिपोर्ट वाईट आला. आम्हांला कोल्हापूरला पाठवलं. एसटीनं आंबा घाट चढताना मला नेहमी मळमळतं. मी खिडकीबाहेर तोंड काढलं की मागच्या सीटवरच्या बायका खूश होतात. दिवस गेलेत काय गो? महेश माझ्या पाठीवर हात ठेवून सांगायचा, नाय, घाट लागतो तिला. प्रत्येक फेरीला त्याला हे सांगावं लागायचं.

तिथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा त्याला विचारलं, काम काय करता. मग विचारलं, झोपता कुठं.

बोटीवरची झोपायची जागा ही साधी गोष्ट नसते. खलाशी डेकवर नाहीतर केबिनमध्ये कसेबसे आडवे होतात. वारा, खारं पाणी, ओले कपडे. एकच जागा कोरडी आणि गरम. इंजिनाशेजारची फळी. आमचं लग्न झालं तेव्हा नाखवानं खुशीनं ती जागा महेशच्या नावाची करून दिली. म्हणाला, आता हा संसारी झाला, थंडीत कुडकुडायचा नाय. बाकीचे खलाशी जळायचे त्याच्यावर. आणि महेशला अभिमान होता. तो झोपेतसुद्धा इंजिनाचा आवाज ऐकतो, म्हणून त्याच्या हाताखाली इंजिन आजारी पडत नाही, असं नाखवा चारचौघांत सांगायचा. मीही ते संघटनेत कौतुकानं सांगितलं होतं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, खात्रीनं एकच कारण सांगता येत नाही, पण वर्षानुवर्षं एवढ्या तापात बसणं आणि झोपणं पुरुषाला बाधू शकतं. आधी तिथून बाहेर या. काही महिने लागतील. मग परत बघू.

महेश घरी येईपर्यंत एकच वाक्य बोलला. "बक्षीस होतं ना गं ते."

त्याच दवाखान्यात मला प्राची भेटली. भेटली कसली, दिसली. ओढणीनं तोंड बांधलेलं, पण शेजारी नाखवाचा मुलगा. त्यानं आम्हांला पाहिलं आणि फोन कानाला लावून बाहेर गेला. प्राची जमिनीकडं बघत बसली. जाताना माझ्याजवळ आली, माझा दंड घट्ट धरला आणि म्हणाली, "घरी बोलू नको गो. शप्पथ हाय तुला." मी घेतली शपथ. बाहेर त्यांची गाडी उभी होती. आम्ही स्टँडकडं चालत निघालो.

तिला दिवस राहिले. तिची ट्रीटमेंट मोठी होती, आम्हांला न परवडणारी. शिमग्याला पालखी नाखवाच्या अंगणात नाचली. पोटातलं बाळ नवसाचं, देवीनं कौल दिला, असं काकी गावभर सांगत होती. मी पालखीपुढं हात जोडून उभी होते आणि मनात म्हणत होते, देवी तर आमच्याच वस्तीत राहते, मग तुम्ही घाट चढून कशाला गेला होता? पण शपथ होती. आणि खरं सांगायचं तर शपथेपेक्षा लाज जास्त होती. तिचं सांगितलं तर आमचं सांगावं लागलं असतं.

हंगाम अर्ध्यावर टाकता येईना, म्हणून महेश तोवर त्याच फळीवर झोपत राहिला होता. पावसाळ्याची बंदी आली. बोट वर ओढली, इंजिन थंड. महेश घरात, पंख्याखाली झोपू लागला. सुरुवातीला त्याला झोप येईना. म्हणायचा, लय शांत हाय गं. बंदी संपता संपता परत तपासणी केली. रिपोर्ट सुधारला होता. बरा नव्हे, पण सुधारला होता. डॉक्टर म्हणाले, आता मागे जाऊ नका. अजून काही महिने असेच राहा, मग त्याचा नमुना धुऊन थेट गर्भाशयात सोडायची साधी पद्धत करून बघता येईल. तीच आम्हांला झेपणारी होती. परतताना घाटात मला मळमळलं नाही. मी देवाचं नाव घेतलं, मी, जी घेत नाही.

हंगाम तोंडावर आला तसे आम्ही दोघं नाखवाकडं गेलो. यंदा डेकवर घ्या, जाळ्यावर घ्या, वाटा कमी पडला तरी चालेल, इंजिनावर नको. महेशनं कारण अर्धवट सांगितलं. नाखवा चहा पीत ऐकत होता. मग म्हणाला, "माझा बापूस जन्मभर इंजिनाला टेकून झोपला. आम्ही सात भावंडं. इंजिनाला कशाला नाव ठेवतोस मेल्या? पत्रकं वाटत गावभर फिरणाऱ्या बाईला मूल कसं धरेल?"

आतून बाळ रडत होतं. कोल्हापूरचं बाळ. नाखवाच्या मागं दारात प्राची उभी होती. तिनं ऐकलं. ती आत गेली.

आम्ही उठून आलो. महेश म्हणाला, बघू, पुनवेला मूड बघून परत बोलतो.

तर त्या पुनवेच्या सकाळी काकीनं माझ्या हातातलं ताट काढून घेतलं. आणि माझ्या तोंडात शब्द तयार झाला. कोल्हापूर. एवढाच. एक शब्द टाकला असता तर देवीचा कौल, पालखी, लेकुरवाळीचा हात, सगळं तिथंच धक्क्यावर पालथं झालं असतं. मला टाकायचा होता. खोटं का बोलू? त्या क्षणी मला न्याय नको होता. तिचं बाळ नवसाचं न राहता साधं व्हावं, एवढंच हवं होतं.

प्राचीनं नारळ ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. ती ओठ न हलवता विनवत होती. तिच्या हातून कुंकू सांडलं. काकी लगेच तिच्यावर खेकसली, नीट धर, एवढं पण जमत नाय? बाळ होऊनसुद्धा तिला एवढं पण जमत नव्हतं.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी बोलले असते तर नाखवाचं काहीच गेलं नसतं. त्याच्या मुलाचंही नाही. टोमणे हिनं खाल्ले असते, जन्मभर. मी एका बाईचा हेवा करत बसले होते, आणि ज्यानं माझ्या नवऱ्याला भट्टीशेजारी झोपवून वर त्याला उपकार म्हटलं, तो नारळ फोडून हात पुसत होता.

मी शब्द गिळला. मोठं मन म्हणून नाही. चुकीच्या माणसावर वाया घालवायचा नव्हता म्हणून.

नाखवानं हाक दिली, डायवर, इंजिन चालू कर, मुहूर्त जातोय. महेश इंजिनाच्या झाकणाशी उभा होता. त्यानं खाली पाय टाकायला घेतला आणि माझ्याकडं बघितलं.

"महेश, खाली उतरायचं नाही."

चारचौघांत मी त्याला नावानं हाक मारत नाही. सासू मागंच उभी होती. एक खलाशी म्हणाला, वहिनीनं नांगर टाकला रे. लोक हसले. महेशच्या कानशिलापर्यंत रक्त चढलेलं मला दिसलं. मला वाटलं, झालं, आता हा उतरणार, आणि आमच्यात काही उरणार नाही.

त्यानं पाय वर घेतला. झाकण बंद केलं. आणि त्यावर उभा राहून म्हणाला, "काकी, दोष तिच्यात नाय. माझ्यात हाय. डॉक्टर म्हणतात इंजिनाच्या तापानं झालं असेल. मी यंदा खाली बसणार नाय. डेकवर घेत असाल तर हाय मी, नायतर उतरतो."

कोणी हसलं नाही. आमच्याकडं पुरुष हे वाक्य बायकोला अंधारात सांगत नाही, त्यानं ते उन्हात सांगितलं. नाखवा म्हणाला, उतर. महेश धक्क्यावर उतरला. दुसरा एक खलाशी, लग्न ठरलेला, झाकण उचलून खाली गेला. त्याला ती ऊबदार जागा हवीच होती. इंजिन सुरू झालं, बोट गेली.

पुढचं गोड नाही. महेशला त्या हंगामात कुठल्याच बोटीनं घेतलं नाही. तो बर्फाच्या लाद्या उचलतो, जाळी विणतो. सासू माझ्याशी कामापुरतं बोलते. तिच्या मते मी तिच्या मुलाची अब्रू धक्क्यावर मांडली. नमुना सोडायची ती पद्धत आम्ही केली. आम्ही वाट बघितली. पाळी आली. बाथरूममधून बाहेर आले तेव्हा महेश दाराशीच उभा होता. आम्ही दोघांनी चहा केला. परत करणार आहोत. होईल की नाही, डॉक्टरही सांगत नाहीत.

हेवा गेलेला नाही. कालच बाजारात एक पोटुशी बाई समोर आली आणि मी रस्ता बदलला. प्राचीचं बाळ चालायला लागलंय, त्याच्याकडं मी अजून बघू शकत नाही. पण आता मला आणखी कशाचा हेवा वाटतो ते सांगते. नाखवाच्या झोपेचा. स्वतःच्या घरात, थंड खोलीत, दार लावून झोपणाऱ्या माणसाचा. तो हेवा मी मोडणार नाही. तो मला कामी येणार आहे.

कारण त्या सकाळनंतर दुसऱ्या बोटीवरचा एक डायवर महेशजवळ येऊन हळूच विचारून गेला, डॉक्टर कुठला? मग आणखी एक. पुरुष एवढंच विचारतात आणि निघून जातात. त्यांच्या बायका माझ्याकडं येतात आणि बसतात. आम्ही मागण्या ठरवल्या आहेत. इंजिनावर एकच माणूस सगळी सफर बसणार नाही, पाळी लागली पाहिजे. खाली हवा खेळली पाहिजे. झोपायची जागा इंजिनापासून लांब पाहिजे. ट्रीटमेंट चालू असलेल्याला डेकवर काम मिळालं पाहिजे, आणि त्याची चेष्टा करणाऱ्यानं आधी आपला रिपोर्ट आणला पाहिजे.

पुढच्या नारळी पुनवेला आम्ही बायका सगळ्यांच्या आधी धक्क्यावर असू. हे मान्य झाल्याशिवाय एकही डायवर खाली उतरणार नाही, एकही बोट सुटणार नाही. मला मूल झालं तर त्याला कडेवर घेऊन येईन. नाही झालं तर मोकळ्या हातांनी येईन. येणार, हे नक्की.