आजोबांच्या दरखास्तीचं साल

जगाच्या इतिहासावरच्या त्या परिषदेला सर्वांना प्रवेश आहे असं वर्तमानपत्रात छापून आलं, आणि ते वाचून माझे वडील, दादा, बिडकीनहून पहिल्या बसनं हजर झाले. मला घामच फुटला. कॉलेजातली माझी नोकरी अजून कच्ची होती आणि ती पक्की करणारे विभागप्रमुखच माझ्या सत्राचे अध्यक्ष होते. त्यात दादांना मनातलं मनात ठेवता येत नसे.

माझा निबंध आजोबांच्या उर्दू दरखास्तीवर होता. नामंजूर होऊन परत आलेली, घरच्या पेटीत पडलेली. पहिलं महायुद्ध संपलं, गावच्या कापसाला कुणी विचारेना, म्हणून त्यांनी सारामाफीसाठी तहसीलदाराकडे अर्ज केला, असं मी मांडलं होतं. मला उर्दू येत नाही. मजकूर एका म्हाताऱ्या कारकुनाकडून समजून घेतला होता. साल मात्र मी लावलं होतं.

चहाच्या सुट्टीत दादांनी कागद मागितला. पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या राज्यात, त्यांची शाळा उर्दूतच झालेली. बोट फिरवत वाचता वाचता ते थांबले.

"बाई, हे साल फसली हाय. तू हिजरी धरलं व्हय?"

निजामाच्या सरकारी कागदावर फसली, म्हणजे शेतसाऱ्याचं, साल असायचं, हे इथला कुठलाही तलाठी सांगेल. दोन्हींत दहाएक वर्षांचा फरक. म्हणजे युद्धाचा संबंधच नाही, ही तर पुढची जागतिक मंदी! सगळा निबंधच कोसळला.

"तुझ्या आज्यासंगं मी पायी गेलतो तहसिलात. तुझ्या हिशेबानं तवा मी पाळण्यात व्हतो."

तेवढ्यात घंटा झाली. मी निबंध जसाच्या तसा वाचला. मान वर करायची हिंमत झाली नाही.

"कुणाला काही विचारायचंय?" अध्यक्ष म्हणाले.

तिसऱ्या रांगेत दादांचा हात वर गेला. नका ना दादा, मी मनात म्हणत होते. त्यांनी टोपी सारखी केली आणि हात मांडीवर ठेवला. टाळ्या झाल्या. प्रमुखांनी पाठ थोपटली.

दादांना सोडायला बसस्टँडवर गेले. बस लागली तसा त्यांनी हात पुढं केला.

"कागद दे माघारी."

"दादा, मला अजून लागेल तो."

"नाय. त्याच्यावर माझ्या बापाचा अंगठा हाय."

घडी बंडीच्या खिशात घालून ते बसमध्ये चढले. माझी नोकरी पक्की झाली. तो कागद त्यांनी मला परत कधी दाखवला नाही.